शिवरंजनी, न रडवता

आकाशवाणीची संकेतधून रचणाऱ्या वॉल्टर कॉफमन यांच्यावरच्या माहितीपटासाठी तीच शिवरंजनी रागातली धून नव्याने वाजवायची होती. आम्हा स्टुडिओतल्या व्हायोलिनवाल्यांचं रोजचं काम म्हणजे हेडफोनमध्ये क्लिक म्हणजे लयीची टकटक, समोर नोटेशन आणि पडद्यावर कुणाचं तरी रडणं. इथे क्लिक नव्हता. साथीला फक्त तानपुरा, तोही खराखुरा. ॲपवरचा चालणार नाही, असं मी आधीच बजावलं होतं. ए ४४२ ला, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरमापाला लावलेलं व्हायोलिन तानपुऱ्याशी भांडतं. आधी षड्ज-पंचम कानाने मिळवायचे, मग कोमल गंधार बोटाने शोधायचा. ट्यूनरचा हिरवा दिवा त्या जागी खोटं बोलतो.

पहिला टेक मनासारखा लागला. काचेपलीकडच्या खोलीतून, टॉकबॅकच्या माइकवरून दिग्दर्शक म्हणाले, "सुंदर! पण दादा, जरा रडवा ना. घरदार सुटलेला माणूस आहे. गंधारावर लांब मींड घ्या." म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं.

शिवरंजनी म्हणजे विरह, ही सवय सिनेमाने लावली आणि वाजवणारे आम्हीच. पण या धूनेत रडणं मला कुठेच सापडत नाही.

कॉफमन कार्ल्सबादचे ज्यू. प्रागमध्ये संगीतकार गुस्ताव मालरवरचा प्रबंध लिहून झाला, आणि मार्गदर्शक स्थानिक नाझी युवकांचा म्होरक्या आहे असं कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली. १९३४ मध्ये ते मुंबईत आले. इथल्या संगीताची पहिली रेकॉर्ड ऐकली तेव्हा त्यांना काही म्हणता काही कळलं नव्हतं. पण लाखो लोकांना जे भिडतं त्यात खोट कशी असेल, कमी पडतोय तो आपलाच कान, असं म्हणून ते शिकायला बसले. काही महिन्यांत बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. स्वतः पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर, दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी. १९४६ मध्ये मुंबईही सुटली. मग कॅनडातलं हॅलिफॅक्स, १९४८ पासून तिथल्याच विनिपेगचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, १९५७ पासून अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ. आणि तिथे बसून उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ. एवढ्या वेळा नव्याने मांडामांड करणाऱ्या माणसाला बिचारा ठरवायची ही घाई मला सहन होत नाही. निर्वासित म्हटला की लोकांना फक्त त्याचे डोळे पुसायचे असतात.

दिग्दर्शकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "प्रेक्षकाला भिडलं पाहिजे." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मींड घेऊन एक टेक दिला, कारण माझा तो धंदा आहे. वाजवला तोही जीव ओतूनच. काचेपलीकडे सगळे खूश झाले. तानपुरावाली मुलगी मात्र हळूच म्हणाली, "पहिल्यात सकाळ होती."

एडिट अजून चालू आहे. काल दिग्दर्शकांना पुन्हा फोन करून पहिलाच टेक घ्या म्हणालो. "बघतो," म्हणाले.