आश्विन वद्यातले पाताळपाणी

कोजागिरी उलटून आठवडा झाला होता. आमच्या पंचांगात आश्विन वद्य चालू होते आणि शेजाऱ्यांच्या पंचांगात कार्तिक केव्हाच लागला होता. इंदूरच्या मराठी घरांना अशी एकाच वेळी दोन महिन्यांत राहण्याची सवय जुनीच आहे. महिना कोणताही म्हणा, सोयाबीन शेतांतून निघाले होते, पहाटे पांघरूण लागत होते आणि दुपारचे ऊन चटका देत होते. इंदूरजवळचे पाताळपाणी, म्हणजे चोरल नदीचा धबधबा, पाहायचे ते याच दिवसांत, असे माझे मत आहे आणि त्यावरून आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. बहुतेक इंदूरकर ते श्रावणात पाहतात, म्हणजे खरे तर धुके, छत्र्या आणि एकमेकांच्या पाठी पाहतात. शिवाय चोरल नदीचा पावसाळ्यातला भरवसा धरता येत नाही. वर कोठेतरी सर कोसळते आणि इथे पाण्याला काही मिनिटांत लोंढा येतो. 2011 च्या जुलैत असाच लोंढा येऊन सहलीला आलेली माणसे वाहून गेली, ते दृश्य आम्ही सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आहे.

या खेपेस बरोबर वाघ्या होता. वाघ्या म्हणजे गल्लीतून घरात आलेला तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. मुले त्याला टायगर म्हणणार होती. पण आत्याने बजावले की होळकरांचे कुलदैवत खंडोबा, कुत्रा हे खंडोबाचे जनावर, तेव्हा होळकरांच्या गावात त्याचे नाव वाघ्याच असले पाहिजे. महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात माझी भाची शिकते. 1955 पासून चालत आलेल्या त्या महाविद्यालयामुळे महूला जनावरांचे डॉक्टर नवे नाहीत, आणि आता आमच्याही घरात एक अर्धी डॉक्टर आहे. तिला वाटेत गाडीत घेतले, घरून नेलेले पोहे जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरून तिथेच खाल्ले आणि साडेसातच्या सुमारास आम्ही पाताळपाणी स्टेशनाजवळ उतरलो.

हे स्टेशन पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, तेही 101 वर्षांच्या मुदतीने, कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून इंदूरला येणारा लोहमार्ग त्या पैशावर घाट चढून आला. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, याचा इंदूरकरांना आजही थोडा गर्व आहे आणि मीही त्याला अपवाद नाही. इथून कालाकुंडपर्यंतचा मीटर गेजचा तुकडा जपून ठेवला असून 2018 च्या डिसेंबरापासून त्यावर पर्यटकांसाठी गाडी धावू लागली. रुळांपासून जवळच टंट्या मामांचे मंदिर आहे. इंग्रजांनी 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिलेल्या या भिल्ल वीराला मान दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, असे इथले लोक सांगतात. आम्हीही हात जोडले. वाघ्याने तेवढ्या वेळात तिथल्या माकडांशी वैर धरले.

कड्यावरून पाहिल्यावर माझे मत मला पुन्हा पटले. धबधब्याची उंची सुमारे 300 फूट सांगतात. पावसाळ्यात तिथे गढूळ पाण्याची भिंत असते; आता दोन-तीन पांढऱ्या धारा उरल्या होत्या आणि त्यांच्या मागचा काळा बेसाल्ट उघडा पडला होता. लाव्हाचे एकावर एक साचलेले थर जुन्या वाड्याच्या जोत्याचे चिरे मोजावेत तसे मोजता येत होते. माळव्याचे पठार इथे संपते आणि खाली नर्मदेचे खोरे सुरू होते. चोरल दक्षिणेला उतरून नर्मदेला मिळते, तर याच महू तालुक्यातल्या जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते. एकाच ढगाचे थोडे पाणी अरबी समुद्रात आणि थोडे बंगालच्या उपसागरात जावे, हे ठरवणारी रेषा याच टापूतून गेली आहे. भाचीला मी हे सांगत होतो, पण तिचे लक्ष वाघ्याच्या जिभेकडे होते. “मामा, जीभ किती बाहेर आली आहे बघ. याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावे लागते. आता दर दहा मिनिटांनी सावलीत थांबायचे.”

खाली कुंडाकडे उतरणारी पायवाट साग आणि पळसाच्या झाडीतून जाते. मी एकटा असतो तर झपाझप उतरलो असतो. वाघ्याचा पट्टा मात्र सोडायचा नाही, असे भाचीने आधीच ठरवले होते, कारण या जंगलात बिबट्या आहे आणि बिबट्याला कुत्रा फार आवडतो. त्यामुळे मी त्याच्या चालीने चाललो आणि दर दोन पावलांवर त्याच्याबरोबर जमीन पाहिली: मुंग्यांनी ओढत नेलेला टोळ, वाटेवर पडलेले साळिंदराचे एक पीस, मोराने उकरलेली माती. साचलेल्या डबक्याशी तो पाणी प्यायला वाकला, तेव्हा भाचीने त्याला मागे ओढले. उंदीर-घुशींच्या मुतातून अशा पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. त्याची लस दिलेली असली तरी पाणी घरचेच द्यावे, असे तिचे म्हणणे. कुत्र्यासाठी बाटली आणि वाडगा वाहणारा मामा त्या दिवशी त्या डोंगरात मी एकटाच असेन.

अर्ध्या वाटेवर झाडी विरळ झाली आणि कमरेइतके वाळलेले गवत लागले. इथे वाघ्या थांबला. ओढूनही हलेना, पुढचा उजवा पाय उचलून धरलेला. भाचीने बोटे फाकवून पाहिली, तर मधल्या कातडीत कुसळ शिरले होते. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि त्यावरचे केस मागे वळलेले असतात, म्हणून ते एकदा घुसले की पुढेच सरकते. शिवाय त्याची लांब शेपटी दवाने भिजली की उलगडते, उन्हात वाळली की पुन्हा पिळली जाते आणि त्या पिळाने बी स्वतःला जमिनीत खुपसून घेते. जमीन आणि कुत्र्याचा पंजा यांतला फरक तिला कळत नाही. भाचीने चिमट्याने ते सरळ रेषेत ओढून काढले. वाघ्या कळवळला, मग तिचा हात चाटू लागला. पुढे सगळी उतरण त्याच गवतातून होती. मी म्हणालो, उचलून नेतो. ती म्हणाली, “अठरा किलो वजन आहे, मामा, आणि परत वरही यायचे आहे.”

तेव्हा कुंड राहिले. तिथल्याच एका सपाट खडकावर आम्ही बसलो. तिथून धबधबा फांद्यांच्या आड अर्धाच दिसत होता, पण त्याचा आवाज मात्र पुरा येत होता. श्रावणात तो गर्जतो. आता तो टप्प्याटप्प्याने ऐकू येत होता, वरच्या पायरीवरचा वेगळा, खालचा वेगळा. वाघ्या कान टवकारून कितीतरी वेळ तिकडे पाहत राहिला.

परतताना रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. आम्ही एक टोपली घेतली. वाघ्याला गर आवडला. बिया त्याच्या पोटात जाऊ नयेत म्हणून भाची प्रत्येक फोड आधी स्वतः निवडत होती.

घरी आल्यावर आत्या ओसरीवर फणी घेऊन बसली आणि त्याच्या अंगातून तिने एकोणतीस कुसळे काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. मोजणी संपली म्हणून आम्ही निश्चिंत झालो. रात्री भाचीचा फोन आला, “मामा, कान पाहिलेत का?” आम्ही पाहिले नव्हते. डाव्या कानात आणखी दोन निघाली.