शंभर लिटर आणि आईचे केस

चवथीला फोंड्याला आलेय आणि पाऊस असा लागलाय की सोप्यावर बसलं तरी पाय भिजतायत. समोरच्यांची गच्चीवरची टाकी सकाळपासून भरून वाहतेय, मोटर बंद करायला विसरलेत, आणि एवढ्या पागोळ्यांत तो आवाज कुणाच्या लक्षातच येत नाहीये. आम्ही दोघंच अस्वस्थ, मी आणि बाबा. बाबा मला हळूच म्हणाले, "आपल्या तीन टाक्या गेल्या गो आतापर्यंत."

ह्या 'आपल्या टाक्या' म्हणजे काय ते सांगते, कारण चवथीला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारलाय, त्या घरासारख्या गाडीत पाण्याचं काय करता? आणि दादा-वहिनी पुढच्या एप्रिलला यायचं म्हणतायत, तेव्हा एकदाच लिहून टाकते.

तर आई-बाबा एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे जर्मनीत श्टुटगार्टला आले आणि आम्ही दहा दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेतली. चार माणसं, मागे पलंग, मध्ये ओटा, सिंक, न्हाणीच्या नावाने एक कपाट. ताज्या पाण्याची टाकी १०० लिटरची, सांडपाण्याची ९० ची, आणि टॉयलेटची वेगळी कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, जी बाहेरून ओढून काढायची नि नेऊन रिकामी करायची. गाडी देणाऱ्याने तासभर सगळं समजावलं, आई दहा मिनिटांत कंटाळून कपाटात उकडे तांदूळ लावत बसली, पण १०० लिटर हा आकडा ऐकल्याबरोबर बाबा सरळ बसले. बाबांची अख्खी नोकरी पाणीपुरवठ्यात, ओप्याला. त्यांच्या डोक्यात शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा हिशोब कोरलेला आहे. चार माणसं म्हणजे ५४० लिटर. "आणि हा माणूस आम्हाला शंभर देतो?" मी म्हटलं जर्मन लोकसुद्धा घरी माणशी सव्वाशेच्या आसपास वापरतात, पण गाडीत नाही वापरत. बाबांनी खिशातून छोटी वही काढली. ती वही मग दहा दिवस बंद झाली नाही.

शंभर तरी पूर्ण भरायचे का, हाही प्रश्नच. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा भरलेली टाकी म्हणजे एक जास्तीचा माणूस गाडीत बसवल्यासारखं. इथल्या साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते आणि ही मोटरहोम रिकामीच तीन हजाराच्या आसपास. त्यात गंमत अशी की कागदावर जे रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं त्यात टाकीत फक्त २० लिटर पाणी धरलेलं होतं, म्हणजे आपण टाकी तुडुंब भरली की ८० किलो आपल्या सामानाच्या वाट्यातून गेले. आणि आमचं सामान म्हणजे आईने फोंड्याहून आणलेले नारळ, तांदूळ, कोकमं, कढईसुद्धा. लांबचा पल्ला असला की आम्ही अर्धीच टाकी भरायचो आणि मुक्कामाच्या जागी पोचलो की पूर्ण.

पहिला मुक्काम बोडनसेच्या काठी. हा तलाव बघून बाबा जे खूश झाले ते मी आल्प्स बघूनही झालेले पाहिले नाहीत. आमच्या घरी श्टुटगार्टला नळाला जे पाणी येतं ते ह्याच तलावाचं, झिपलिंगन गावापाशी ६० मीटर खोलीवरून उचलतात, तिथे ते वर्षभर साधारण ५ अंशांवर असतं, मग पंपाने डोंगरावर चढवतात आणि तिथून सुमारे ४० लाख लोकांना जातं. बाबा काठावर उभे राहून पंपाची हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवावं लागत असेल ते, बोटांवर मोजत होते. आणि बरोबर त्याच वेळी आई आत केस धूत होती.

त्याचं असं झालं. आईने दुपारी भाताचे तांदूळ धुतले, तीन पाण्यांनी, नळ चालू ठेवून, जसे घरी धुते. मग पेज गाळली ती सिंकमध्ये. मग भांडी. भिंतीवरच्या मीटरवर तरीही अर्धी टाकी दाखवत होतं, म्हणून मी तिला म्हटलं धू केस. आता हा मीटर म्हणजे काय तर टाकीत चार पायऱ्यांचा सेन्सर असतो, त्यामुळे अर्धी म्हणजे पाऊणाला एक पेला कमीपासून खरंच अर्धीपर्यंत काहीही, शिवाय आमची गाडी उभी होती उतारावर, टाकीतलं पाणी सगळं सेन्सरच्या बाजूला जमा झालेलं. पंप दुसऱ्या टोकाला. शांपूचा फेस डोक्यावर असताना नळाने दोनदा शिंक दिली, फुस्स केलं आणि संपलं. आतून आईचा आवाज, "अगो पाणी गेलं!" अगदी घरी जाते तस्सं, म्हणजे थोड्या वेळाने येईलच अशा सुरात. आणि नळ तिने तसाच उघडा ठेवला कारण पाणी आलं की कळायला हवं ना! तिकडे टाकीतला पंप कोरडाच घरघरत होता. बाबांनी बाहेरून तो आवाज ओळखला, धावत आले आणि कुणाला न विचारता दारावरच्या पॅनलचा पंपाचा स्विच बंद केला. हे बुडवलेले छोटे १२ व्होल्टचे पंप पाण्यानेच थंड राहतात, कोरडे चालले की जळतात. जळला असता तर डिपॉझिट गेलं असतं.

आईचे केस शेवटी पिण्याच्या बाटल्यांनी धुतले, मी ओतत होते आणि ती बोडनसेच्या काठावर खाली वाकून हसत होती. शेजारच्या गाडीतली आजी न बोलता स्वतःची पाणी घालायची झारी भरून घेऊन आली, गुलाबांना पाणी घालतात ना ती. झारीने केस छान धुतले जातात हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून राज्य आईचं. सिंकमध्ये एक पातेलं, त्यात तांदळाचं पाणी, त्याच पाण्यात पहिल्या फेरीची भांडी. नळाखाली भांडं धरायचं नाही, तांब्याने घ्यायचं. पेज सिंकमध्ये न जाता आमच्या पोटात जायला लागली, मीठ नि लोणचं घालून, आणि ते बरंच झालं कारण पहिल्या दिवशीची पेज सांडपाण्याच्या टाकीत उन्हाने आंबून जो वास सुटला होता तो मी इथे लिहीत नाही. ही दुसरी टाकी लोक विसरतात. वरची रिकामी होते म्हणजे खालची भरते, आणि ती रस्त्याकडेला सोडून देता येत नाही, ठरलेल्या जाळीवरच गाडी नेऊन उघडायची. आंघोळी आम्ही जमेल तितक्या कॅम्पिंगच्या बाथरूममध्ये केल्या. बाबांच्या वहीप्रमाणे शेवटी चौघांचे मिळून दिवसाला ४५ ते ५० लिटर झाले. बाबांनी त्याखाली दोन रेघा मारल्यात.

पाणी भरायचं कुठे? जवळपास प्रत्येक मोटरहोमच्या तळावर खांबासारखं मशीन असतं, एक युरोचं नाणं टाकलं की ८०-१०० लिटर सोडतं, कुठे कमी कुठे फुकट. पण वेळ लागतो थोडा, कारण नाणं टाकायच्या आधी नळी जोडलेली पाहिजे, आणि प्रत्येक ठिकाणी नळाच्या आट्या वेगळ्या, म्हणून दोन-तीन मापांचे अडॅप्टर जवळ हवेत. नळी पिण्याच्या पाण्यासाठीची, बागेतली हिरवी नको, त्याने चहाला रबराची चव येते. एक गोष्ट बाबांनी पहिल्याच तळावर पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. एक गृहस्थ टॉयलेटची कॅसेट धुताना शेजारच्या पिण्याच्या नळाची नळी चक्क कॅसेटच्या तोंडात घालत होते. कॅसेट धुवायला वेगळा नळ असतो, त्यावर पिण्याचं पाणी नाही असं लिहिलेलंही असतं, तरी. तेव्हापासून बाबा नळाचं तोंड आधी पुसणार, मिनिटभर पाणी वाहू देणार आणि मगच स्वतःची नळी लावणार. मागे रांग लागली तरी बाबांना घाई नाही.

प्यायला मात्र आम्ही टाकीतलं घेतलं नाही, बाटल्या थेट नळावर भरल्या. इथलं नळाचं पाणी उत्तम असतं, प्रश्न टाकीचा, आधीच्या भाडेकरूचं पाणी त्यात किती दिवस होतं कुणाला ठाऊक. चहा-भाताला उकळतंच, ते चालतं.

थंडीचीही एक गोष्ट आहे. ऑस्ट्रियात तिरोलमध्ये एका खिंडीजवळ राहिलो, गॅस वाचवायला रात्री हीटर बंद ठेवला ही आमच्या ह्यांची आयडिया. सकाळी नळ उघडला तर पंपाचा आवाज येतोय, नळातून मात्र थेंब थेंब, आणि गाडीच्या पोटाखाली धो धो. मला वाटलं फुटलं काहीतरी. फुटलं नव्हतं, पाणी तापवायच्या बॉयलरला एक वॉल्व्ह असतो, आजूबाजूचं तापमान ३ अंशांच्या आसपास गेलं की आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं दहाएक लिटर पाणी बाहेर सोडून देतो, कारण आत गोठलं तर पाणी फुगून बॉयलर फाडतं. आणि तो परत बंदही होत नाही लगेच, ती जागा ७ अंशांपर्यंत तापावी लागते. म्हणजे आधी हीटर, मग वॉल्व्ह, मग पाणी, मग चहा. बाबा स्वेटर, मफलर, त्यावर माझं जॅकेट घालून बसले होते आणि म्हणत होते की वॉल्व्ह फार हुशार आहे, गाडी घेणारे तेवढे नाहीत.

दादा, तुला वही पाठवायची का असं बाबांना विचारलं तर झेरॉक्स देतो म्हणाले, ओरिजिनल मिळणार नाही. आईचा तांब्या मात्र आमच्याकडेच ठेवलाय, तो आणू नका, त्याऐवजी कोकमं आणा. आणि गाडीला बाहेरून दोन झाकणं असतात, एकातून डिझेल जातं, एकातून पाणी, आपल्या गाडीत पाण्याचं निळं होतं. गाडी देणारा सांगत होता की दर सीझनला कुणीतरी डिझेलच्या टाकीत पाणी भरतंच. भरण्याआधी झाकणावरचं वाच, दोनदा वाच.

समोरची मोटर आत्ता बंद झाली. बाबा छत्री घेऊन सांगायला गेले होते.