तुम्ही विचारलंत म्हणून: आयपीटेबल्स की एनएफटेबल्स?

लिनक्स राउटर नव्या डेबियनवर (लिनक्सच्याच एका प्रणालीवर) नेताना, कोणते डेटा-पॅकेट सोडायचे आणि कोणते अडवायचे याचे फायरवॉल-नियम लिहायला जुने आयपीटेबल्स ठेवावे की त्याची जागा घेणाऱ्या एनएफटेबल्सकडे जावे, असे पुण्यातले परिचित मला वारंवार विचारतात आणि उत्तर ऐकण्याआधीच ‘चालतंय ते कशाला मोडायचं’ असेही म्हणतात. माझे उत्तर असे की एनएफटेबल्सकडे जा, मात्र अर्धवट जाऊ नका.

एनएफटेबल्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०१४ साली आले आणि २०१९ च्या डेबियन १० पासून साधी आयपीटेबल्सची आज्ञासुद्धा मूलतः त्याच यंत्रणेत नियम लिहिते. त्यामुळे ‘मी जुनेच वापरतो’ म्हणणारे अनेकजण प्रत्यक्षात जुने वापरतच नसतात. जुनी यंत्रणा लेगसी नावाने वेगळी उरते, आणि खरा धोका तिथेच आहे.

नारायण पेठेतल्या एका करसल्लागाराच्या कार्यालयात, विवरणपत्रांची मुदत तोंडावर असताना राउटरची डिस्क गेली. नवे यंत्र उभे करताना चिंचवडच्या शाखेला जोडणाऱ्या सुरक्षित बोगद्यासाठी (व्हीपीएन) ओपनव्हीपीएनऐवजी वायरगार्ड घेतले आणि नियम एनएफटेबल्समध्ये लिहिले. जोडणी झाली, पण शाखेतून एकही फाईल उघडेना. आमच्या नियमापुढचा काउंटर, म्हणजे जुळलेली पॅकेट मोजणारा आकडा, वाढत होता, म्हणजे पॅकेट येत होते आणि स्वीकारलेही जात होते. पूर्ण नियमावली छापून पाहिली, तर तीत अडवणारे काहीच नव्हते. बाहेर लोक कागदपत्रे घेऊन ताटकळत होते आणि मला कारण सांगता येत नव्हते. रात्री उशिरा उलगडा झाला: जुन्या यंत्रावरून आलेली, पूर्वीच्या कुणीतरी लिहिलेली एक स्क्रिप्ट सुरुवातीलाच लेगसी नियम भरत होती. त्यांत जुन्या ओपनव्हीपीएन बोगद्याचा इंटरफेस तेवढा मान्य होता, बाकी सारे बंद. एनएफटेबल्समधला स्वीकार त्या चेनपुरताच (नियमांच्या त्या साखळीपुरताच) असतो. त्याच टप्प्यावरची दुसरी चेन, लेगसीतलीसुद्धा, तेच पॅकेट टाकून देऊ शकते, आणि टाकलेले पॅकेट परत येत नाही. एनएफटेबल्सच्या यादीत लेगसी नियम दिसतही नाहीत.

एके काळी मीही आयपीटेबल्सच ठेवा असे सांगत असे, आणि तो सल्ला आजही मला मूर्खपणाचा वाटत नाही, कारण ते नियम वाचू शकणारी माणसे तेव्हा प्रत्येक कार्यालयाला मिळत होती. पण आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी एकच नियमावली, आणि ती फाईलमधून भरताना एक तर पूर्ण लागू होणे किंवा अजिबात न होणे, या दोन गोष्टी राउटरवर मला सोडवत नाहीत. ज्यांच्या राउटरवर डॉकरही (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारे साधन) आहे आणि तो स्वतःचे नियम मूलतः आयपीटेबल्सच्या आज्ञेने घालतो, त्यांना ‘पूर्ण वळा’ कसे सांगावे, हे मात्र माझे अजून ठरलेले नाही.