आमची वाटचाल: होडीच्या तळापासून गाडीतल्या संडासापर्यंत

मालवणातलं आमचं वर्कशॉप बाबांनी सुरू केलं ते होड्यांसाठी. लाकडी होडीला फायबरचं अस्तर चढवायचं, खडकावर आपटून फुटलेला तळ सांधायचा, बर्फात मासे ठेवायच्या पेट्या ओतायच्या. मॅट, रेझीन, हार्डनर आणि अंगभर खाज. मी शाळेत असल्यापासून पॉलिशपेपर मारत आलो, त्यामुळे डोळे मिटून हात फिरवला तरी जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, कुठे उकलायला लागलाय ते कळतं. पुढे या सवयीचा उपयोग कुठे होईल ते मात्र तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. त्यानंतर काही महिने दुरुस्तीची कामं उरकत नव्हती आणि मग अचानक कामच आटलं. ज्यांच्या होड्या दुरुस्त झाल्या त्यांच्याकडे पैसे उरले नव्हते. त्याच वर्षी राज्य सरकारचं कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहता येणाऱ्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आलं होतं. धोरण वाचून आम्ही नव्या धंद्यात उडी घेतली असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण आम्हाला या धंद्यात ओढलं ते एका गळक्या संडासानं.

पुण्याचं एक जोडपं तारकर्लीला मोटरहोम लावून राहिलं होतं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, सेकंडहँड घेतलेली गाडी. आतल्या संडासातून गळत होतं आणि वास इतका, की दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसलेली. प्लंबर दारापर्यंत येऊन परत गेला. कुणीतरी सांगितलं की मालवणात फायबरवाले आहेत, ते कशालाही हात लावतात.

ते खरंच होतं. आम्ही हात लावला. तो कॅसेटचा संडास होता. वर बसायचं भांडं, त्याच्याखाली सुटकेससारखी काढता येणारी टाकी आणि दोघांच्या मध्ये सरकणारी एक पाटी. पाटी उघडली की मैला खाली जातो, बंद केली की वास खालीच राहतो. टाकी गाडीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या छोट्या दारातून ओढून काढायची. बिघडलेलं काय, तर पाटीभोवतीची रबराची रिंग. कुणीतरी तिला वर्षभर व्हॅसलीन लावलं होतं, त्यानं रबर फुगून लोळागोळा झालेलं. रिंग इथे मिळेना, म्हणून तात्पुरतं सांधून दिलं. पण त्या दोघांच्या मनातून तो संडास उतरला होता. म्हणाले, सरळ बदलूनच टाका, काय बसवायचं ते तुम्हीच ठरवा.

बाबा माडाखाली खुर्ची टाकून ऐकत होते. म्हणाले, "गाडयेत संडास? आनि तो रिकामो खंय करतलस?"

आम्ही हसलो. ते हसणं आम्हाला महागात पडलं.

कॅसेट म्हणजे कटकट, दर दोन दिवसांनी उचलून न्यायची, असं आमचं तेव्हाचं मत. त्यापेक्षा गाडीच्या पोटाखाली मोठी टाकी बांधू, मागे व्हॉल्व्ह देऊ, आठवडाभर बघायला नको. फायबरची ६० लिटरची टाकी मी स्वतः ओतली. आतून असा गुळगुळीत जेलकोट की बघत राहावं. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. दोघं सागरी महामार्गानं दापोलीकडे निघाली.

धोपाव्याला गाडी फेरीबोटीत चढवून पलीकडे दाभोळला जायचं. ओहोटीची वेळ. ओहोटीला बोटीची फळी खाली उतरते आणि धक्क्याचा उतार तीव्र होतो, हे या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण व्हॉल्व्ह मागच्या चाकांच्या पाठी, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवताना ते आठवलं नाही. पुढची चाकं फळीवर चढली, मागचा भाग खाली टेकला आणि व्हॉल्व्ह मुळासकट निघाला. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. धक्क्यावरची माणसं काय बोलली ते मला फोनवर ऐकू येत होतं, इथे लिहिता येणार नाही. त्या रात्रीच निघालो, पोचून सगळं धुतलं, टाकी उतरवली, पैसे परत दिले. परतीच्या वाटेवर बाबांचा प्रश्न पहिल्यांदा नीट कानात शिरला.

कारण व्हॉल्व्ह तुटला नसता तरी ती टाकी ओतणार कुठे होतो? पोटाखालची टाकी रिकामी करायची तर अख्खी गाडी चेंबरच्या तोंडाशी नेऊन लावावी लागते. आमच्याकडे पर्यटक जिथे राहतात त्या देवबागचंच घ्या. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. थोडं खणलं की पाणी लागतं. प्रत्येक घराची आपली छोटी सेप्टिक टाकी आणि पलीकडे विहीर. तिथे तुमच्या गाडीचे ६० लिटर एकदम कोण घेईल? वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेलात तर जांभा दगड, चाळणीसारखा. वर ओतलेलं खाली कुणाच्या विहिरीत उतरेल सांगता येत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे संडास बदलायला गाडी आली की मी मॉडेल दाखवत नाही. आधी विचारतो, मुक्काम कुठे कुठे करणार आणि ओतणार कुठे. बरेच जण गप्प होतात. गप्प झालेल्यांना मी कॅसेटच देतो. तिचे १७ ते २० लिटर भरले तरी एक माणूस उचलून नेतो आणि कुणाच्याही साध्या कमोडमध्ये नळी वाकवून ओततो. तारकर्ली, देवबाग, निवतीच्या काही घरवाल्यांशी आम्ही बोलून ठेवलंय. थोडे पैसे द्यायचे, स्वतः ओतायचं, दोन बादल्या पाणी टाकायचं. त्यांची अट एकच: वास मारायला टाकीत घालतात ते निळं औषध नको. ती अट बरोबर आहे. फॉर्मल्डिहाइडवालं औषध वास मारतं तसं सेप्टिक टाकीतले जिवाणूही मारतं, आणि मग त्या घराचा संडास तुंबतो. एन्झाइमचं औषध घ्या, नाहीतर टाकीला छोटा पंखा आणि कोळशाचा फिल्टर बसवून हवा बाहेर काढा. पंखा आम्ही बसवून देतो.

आता लिटरचा हिशेब. परदेशी माहितीपत्रकांवर अजिबात जाऊ नका. ती कागद वापरणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. आपल्याला पाणी लागतं. आम्ही जेटखाली बादली धरून मोजलं, एका वेळेला आरामात दीड लिटर गेलं. त्यात फ्लशचं पाणी वेगळं. चार जणांचं कुटुंब असेल तर सकाळी निघालेल्या गाडीत संध्याकाळी टाकी भरल्याचा लाल दिवा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही जेट काढून टाकतो आणि पिचकारीच्या तोंडाची अर्ध्या लिटरची बाटली देतो. बायका आधी नाक मुरडतात, पुरुष तर जास्तच. दोन दिवसांनी फोन येतो, की अजून एक बाटली पाठवा.

आणि बदलायलाच हवा का, हेही बघावं. पुष्कळदा भांडं ठणठणीत असतं, टाकी जुनी होऊन वास धरलेला असतो आणि सीट पिवळी पडलेली असते. थेटफर्डसारख्या कंपन्या नवी टाकी, सीट आणि झाकण असा संच देतात, तो बसवला की काम भागतं. अख्खा संडास बदलायचा तर बाहेरच्या दाराचं माप आधी घ्या. टाकी डाव्या बाजूनं निघते की उजव्या, चाकाची कमान आड येते का, सीट किती उंच. नवीन मॉडेल दोन सेंटीमीटरनं रुंद निघालं तर गाडीचा पत्रा कापावा लागतो, आणि पावसाळ्यात त्या कापातून पाणी आत येणारच. कोकणातल्या पावसाला दोन सेंटीमीटर पुष्कळ झाले. वॉशरूम छोटी असेल तर भांडं फिरवता येणारं घ्या, अंघोळीला जागा होते. इलेक्ट्रिक फ्लश मात्र मी या किनाऱ्यावर कुणाला सुचवत नाही. खाऱ्या वाऱ्यात वायरीच्या टोकांना हिरवट गंज धरतो आणि मग बटण दाबत बसा. हातपंप कंटाळवाणा आहे, पण एका पावसाळ्यात मरत नाही.

रिंगेच्या बाबतीत एक गोष्ट आमच्याच चुकीची. व्हॅसलीन नको म्हटल्यावर एका गिऱ्हाइकानं खोबरेल चालेल का विचारलं, मी चालेल म्हटलं. मालवणात चाललं. डिसेंबरात ती मंडळी आंबोलीला गेली. तिथे पहाटे खोबरेल थिजलं आणि पाटी हलेना. शिवाय टाकीच्या हवेच्या झडपेत घाण बसलेली, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. खाली समुद्राकाठी बंद केलेल्या टाकीत वर गेल्यावर दाब साठलेला. त्यांनी झाकण उघडं ठेवून जोर लावून पाटी ओढली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक गाडीत दोन गोष्टी लिहून चिकटवतो: रिंगेला फक्त सिलिकॉन, आणि घाट चढल्यावर आधी झाकण मिटा, मग पाटी हळू उघडा.

कोरडा संडास हा आमचा लाडका विषय, आणि त्यात आम्ही सगळ्यात कमी कमावलंय. पुढे मूत्र वेगळं, मागे मैला वेगळा, वर मूठभर भुसा. पाणी नाही, औषध नाही, वास जवळजवळ नाही. त्याला परदेशात कोकोपीट वापरतात म्हणून ग्राहक ऑनलाइन मागवतात. अरे, आपल्याकडे नारळाच्या सोडणांचे ढीग कुजतात! काथ्या काढला की उरतो तो भुसाच तो. आणि ही कल्पनाही आपल्याला नवी नाही. इथून जवळच कणकवलीला गोपुरी आश्रमात कोकणचे गांधी आप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचं सोनखत करणारे संडास उभे केले, स्वतः भंगीकाम केलं. मी ज्यांना हे सांगतो ते माना डोलावतात आणि कॅसेट घेतात. कारण पुन्हा पाणीच. धुतलेलं पाणी मागच्या डब्यात गेलं की भुशाचा चिखल होतो आणि सगळा खेळ संपतो. रत्नागिरीच्या एका जोडप्याला जमलं, वर्षभर वापरला. मग सासूबाई आठ दिवसांसाठी गाडीत राहायला आल्या. चौथ्या दिवशी तो संडास आमच्या वर्कशॉपमध्ये परत. ज्यांना जमतं त्यांनी डबा भरला म्हणजे खत झालं असं समजू नये. तो मैला झाकून वर्षभर तरी पडू द्यावा लागतो, मग माडाच्या आळ्यात.

आता आम्ही वर्षातून सहा-सात गाड्या करतो, बाकी वेळ होड्याच. सध्या शेडमध्ये सावंतवाडीच्या एका निवृत्त मास्तरांची गाडी उभी आहे. गुडघे बरे आहेत, पण कमोडवर पोट साफ होत नाही म्हणतात. उकिडवं बसता येईल असा संडास हवा, तोही कॅसेटवर. बाजारात तसा काही नाही, म्हणून सीटच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फायबरचे ओटे ओततोय. पहिला साचा फसला, मास्तर बसले की डोकं छताला लागायचं. दुसऱ्यात ओटे चार इंच खाली घेतलेत. बाबा काल येऊन त्यावर बसून बघून गेले आणि काही न बोलता पुन्हा माडाखाली जाऊन बसले.