कपाट करायच्या आधी शर्ट मोजणारी माणसं

स्कँडिनेव्हियन फर्निचर म्हटलं की आपल्याकडे पांढरी भिंत, फिकं लाकूड आणि कोपऱ्यात कुंडी एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि इंटिरिअरवाले पण प्लायवर ओकचं लॅमिनेट चिकटवून "नॉर्डिक लुक" म्हणून तेच गळ्यात मारतात. मला त्या लुकपेक्षा त्यामागची मोजामोज आवडते.

डेन्मार्कचा फर्निचर डिझायनर बोर्गे मोगेन्सन घ्या. 1942 ते 1950 तो एफडीबीच्या फर्निचर विभागाचा प्रमुख होता. एफडीबी म्हणजे ग्राहकांची सहकारी संस्था, आपल्या ग्राहक भांडाराचा थोरला भाऊच म्हणा ना. काम एकच, साध्या माणसाला परवडेल असं दणकट फर्निचर करायचं. (त्याच्या 1947 च्या जे39 नावाच्या खुर्चीला "लोकांची खुर्ची" म्हणतात, आजची किंमत बघितली तर कुठल्या लोकांची असा प्रश्न पडतो, असो.)

पुढे 1950 च्या दशकात त्याने ग्रेथे मायर या आर्किटेक्ट बाईंबरोबर भिंतीतल्या कपाटांची सिस्टिम केली, आणि चित्र काढायच्या आधी दोघांनी काय केलं तर घरातलं सामान मोजलं. घडी घातलेला शर्ट किती रुंद, काटे-चमचे किती लांब, एका माणसाकडे कुठली वस्तू साधारण किती असते, आणि मग त्यावरून ड्रॉवरची रुंदी, खोली ठरवली. ही सवय त्याच्या गुरूची, कारे क्लिंटची. कोपनहेगनच्या अकादमीत 1924 मधे फर्निचरचा विभाग सुरू झाला तो क्लिंटमुळेच, आणि तोही आधी वस्तू मोजायचा, मग पेन्सिल उचलायचा.

बाकी मग दिखावा नाहीच. लाकूड ओक नाहीतर बीच, पॉलिशऐवजी बऱ्याचदा नुसतं साबणाच्या पाण्याने पुसलेलं, त्यामुळे रेषा दिसतात, डाग पडला तर तोही दिसतो.

आपल्याकडे मात्र वॉर्डरोब सरसकट दोन फूट खोल. हँगरला तेवढं लागतं, मान्य, पण शेल्फलाही तेवढंच कशाला? पुढे टीशर्टची रांग, मागे अजून एक रांग, आणि मागचं काही दिवाळीच्या साफसफाईशिवाय उजेडात येत नाही. लॉफ्टबद्दल तर बोलायलाच नको.

आमच्याकडे आता सुतारकाका येणारेत, त्यांना मी ड्रॉइंग देणार नाहीये, आईच्या साड्या, चादरी आणि नवऱ्याचे शर्ट घडी घालून समोर ठेवणारे. साड्यांचे खण बुटके आणि जास्त हवेत, कारण चळत उंच झाली की खालची साडी ओढताना वरच्या सगळ्या अंगावर येतात.