मणका नॉर्मल, मग पाय का ओढते?

"एमआरआय तर झालाय ना हिचा, नॉर्मल आहे." इंदूरला एमआरआय टेक्निशियन म्हणून काम करताना हे इतकं ऐकलंय की मी लगेच विचारते, कशाचा? उत्तर बहुतेकदा कंबरेच्या मणक्याचं असतं.

रामबागेतल्या एका आजींचंही तेच. आठ वर्षांच्या नातीच्या उजव्या पायातली चप्पल चालताना निसटायची, पंजा वर उचलत नव्हता, पोटरी बारीक झालेली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून घरचे म्हणायचे, नखरे करते. मणक्यात खरंच काही नव्हतं. पण बिघाड मांडीत असेल तर तो मणक्याच्या फिल्मवर कसा दिसणार?

या वेळी चिठ्ठीवर नेमकं लिहिलं होतं: उजवी सायटिक नस, नितंबापासून गुडघ्याखालपर्यंत, एमआर न्यूरोग्राफी (नसांचा खास एमआरआय), कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र उजळवणारं इंजेक्शन देऊन. ही जागा मशीन शोधत नाही. डॉक्टर पाय तपासून, नर्व्ह कंडक्शन (नसेतून विजेचा संदेश कसा जातो ते) आणि ईएमजी (सुई टोचून स्नायूंची तपासणी) बघून ती ठरवतात. ईएमजीच्या सुईला मुलं घाबरतात, तरी ती लागते.

करदोटा, पैंजण, पिनेला अडकवलेला ताईत, सगळं उतरवलं. आजी नाराज. भूलतज्ज्ञांनी मुलीला झोपवलं, कारण पाय जरा हलला तरी बारीक नसा धूसर येतात.

नसेभोवती चरबी असते आणि तीही पांढरी दिसते, म्हणून तिचा सिग्नल दाबावा लागतो. मग निरोगी नस करडी दिसते. इथे मांडीच्या मध्यावर ती चातीवरच्या सुतासारखी फुगली होती, आणि गॅडोलिनियम, म्हणजे ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन, दिल्यावर एकसारखी उजळली. रेडिओलॉजिस्टनी शक्यता लिहिली: इंट्रान्यूरल पेरिन्यूरिओमा. नसेच्या आतल्या आवरणाच्या पेशींची ही दुर्मीळ वाढ. कर्करोग नव्हे, पण पायातली ताकद हळूहळू खाते.

दोन्हीकडच्या नसा जाड असत्या तर शार्को-मेरी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार बघितला असता. त्याचा निकाल जनुक तपासणीत लागतो. मणक्यातून निघतात त्या मुळांपाशी जाड आणि उजळ असत्या तर सीआयडीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार, आणि त्यावर औषधं आहेत, म्हणून तो सुटता कामा नये. शिवाय आपल्याकडे जाड नस म्हटली की कातडीवर बधिर चट्टा शोधायचाच. कुष्ठरोग अजून गेलेला नाही.

"ताई, कापून काढतील का हो?" आजींनी विचारलं. ते सांगणं माझं काम नाही.

पुढच्या स्कॅनला आल्या तेव्हा मुलीच्या पायात एएफओ, म्हणजे घोटा-पंजा धरून ठेवणारा आधार, होता. तो घालून बूट बसत नाही, उजवा एक नंबर मोठा लागतो. दुकानदार दोन नंबरांची एक जोडी देत नाही, त्यामुळे आजींना दोन अख्ख्या जोड्या घ्याव्या लागल्या. उरलेले दोन बूट कुणाला द्यायचे, हे त्या मलाच विचारत होत्या.