पावडर लागली म्हणजे लाच सिद्ध झाली असं नाही

पासपोर्टची पडताळणी असो, गडग्यावरच्या भांडणातून नाव वगळणं असो की चिऱ्याची गाडी सोडणं असो, पोलिसाने पैसे मागितले तर ते देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गाठा. फोन १०६४. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे ठाणे परिक्षेत्रात येतात. नाइलाजाने पैसे दिले गेलेच असतील, तर ७ दिवसांत कळवा. नाहीतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. हापूसची पेटी मागितली तरी ती लाचच.

तक्रारीनंतर विभाग लाच घेताना पकडायला सापळा लावतो. त्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लावतात. त्या घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. लोकांना वाटतं, झालं, पकडला. पण त्या रंगाने फक्त नोटा हाताळल्याचं कळतं. त्याने पैसे मागितले होते का, हे कोर्ट आधी बघतं आणि अनेक खटले इथेच लंगडे पडतात.

म्हणून खरा जीव पडताळणी पंचनाम्यात आहे. सापळ्याआधी दोन सरकारी पंच घेऊन, रेकॉर्डर लावून तक्रारदाराला त्या पोलिसाशी बोलायला पाठवतात. तिथे आपण होऊन आकडा बोलू नका. “माझ्या कामाचं काय?” एवढंच विचारा आणि त्याला बोलू द्या. “साहेबांक पाच होये” यात पाचशे की पाच हजार? कशासाठी? कामाचं नाव आणि रक्कम त्याच्याच तोंडून यायला हवी. हे संभाषण कागदावर उतरवताना मालवणी शब्द जसेच्या तसे ठेवावेत. प्रमाण मराठीत ‘सुधारले’ की बचावाचा वकील रेकॉर्डिंग आणि कागद यांतला फरक दाखवणारच. रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, हॅश मूल्यासकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा), लागतंच.

सापळ्याच्या वेळीही त्याने मागितल्याशिवाय नोटा काढू नका. टेबलावर ठेवल्या, खिशात कोंबल्या, की “मला अडकवलं” म्हणायला तो मोकळा.

पुढे खटल्याला मंजुरी लागते, तीही त्याला नोकरीवरून काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचीच. ती भलत्याने दिली तर खटला पुन्हा पहिल्यापासून. तोवर वर्षं जातात, गावात दबाव येतो, तक्रारदार फितूर होतो. तरी आशा संपत नाही. नीरज दत्ता खटल्यात १५ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं आहे की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. ते दोन पंच आणि ते रेकॉर्डिंग तेव्हा कामी येतं.